सातव्या बसचा दसरा

तारीख वाचली आणि माझ्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला काहीतरी गार, ओलं लागल्यासारखं झालं. मी बोटाकडे पाहिलं. कोरडं ठणठणीत. टेबलावरचा चहाचा कप कधीच रिकामा झालेला, बाहेर बिबवेवाडीचा दुपारचा रस्ता नेहमीसारखा हॉर्न वाजवत होता, आणि समोर पूर्णिमा पेन्सिलीचं टोक कागदावर आपटत म्हणत होती, "काका, नव्वद दिवसांतला हाच एक दिवस घोळ करून राहिला बघा. बस नंबर सात. एका दिवसात सव्वीस वेळा बोंबललं मशीन. बाकी सगळ्या चाचणीत बाराही बस मिळून एकतीस वेळा, आणि ते एकतीसही खरे, ड्रायव्हरच्या डोळ्यावर खरंच झापड आली होती. पण हे सव्वीस? संपतदादा काय दिवसभर झोपून बस चालवत होते?" तारीख दसऱ्याची होती, आणि दसऱ्याच्या सकाळी मी ते कुठं टेकवलं होतं हे त्या बोटाला आता स्वच्छ आठवत होतं. गंध लावायचं बोट ते. मी ते हळूच टेबलाखाली नेलं, लहान मुलानं पाटीवरचं चुकलेलं झाकावं तसं.

मी गोपाळकृष्ण दाबके. वाहनांच्या खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली आणि त्यातली बरीचशी नकार लिहिण्यात घालवली. ट्रकवाले, टेम्पोवाले, बसवाले, सगळे कसली ना कसली सूट मागायला यायचे. कुणाला दिवा नको असायचा, कुणाला मागचा बंपर नको, कुणाला दोन सीटं जास्त हवी असायची. मी त्यांचे अर्ज शांतपणे वाचायचो, त्यातलं भोक शोधायचो, आणि तिथं नेमकं बोट घालून खाली लिहायचो, 'सबब विनंती मान्य करता येत नाही.' अक्षर मोत्यासारखं. ज्यांना नकार मिळायचा तेही म्हणत, दाबके, लिहिता मात्र झकास. निरोप समारंभात साहेब म्हणाले की दाबक्यांच्या हातून सुटलेला अर्ज अजून जन्माला यायचाय. सगळे हसले, मीही हसलो. एक सुटला होता, पण ते माझं मला माहीत होतं.

निवृत्तीनंतर नकार द्यायला कुणी उरलं नाही म्हणून मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. तिथंच पूर्णिमा भेटली. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी आणि झेरॉक्सवाला यांच्या मधला गाळा तिनं घेतला होता. यवतमाळची मुलगी, हिंजवडीत सहा-सात वर्षं मोठ्या कंपनीत होती, ती नोकरी सोडून इथं पाच पोरापोरींना घेऊन काहीतरी खुडबुड करायची. बाहेर पाटी लावायला तिनं परवानगी मागितली. मी दीड पानी नकार लिहिला. दुसऱ्या दिवशी तो कागद हातात घेऊन ती वर आली. मला वाटलं भांडायला आली. ती म्हणाली, "काका, किती भारी लिहिलंय हो तुम्ही. मला पाटी लावायचीच नाही आता. तुम्ही आमचा अर्ज लिहून द्याल का?" कौशल्या, म्हणजे आमची ही, आतून म्हणाली, "घ्या. गिऱ्हाईक आलं."

पूर्णिमानं बनवलेल्या यंत्राचं नाव जागल्या. काडेपेटीहून थोडं मोठं, मधोमध बाळाच्या बोटाएवढी गोल काळी काच. ते ड्रायव्हरच्या समोर बसवायचं आणि त्यानं ड्रायव्हरच्या पापण्यांवर नजर ठेवायची. पापण्या मिटल्या की ओरडायचं. ती रात्रपाळीला कंपनीच्या बसमधून जायची तेव्हा वरच्या आरशात तिला ड्रायव्हरची मान हळूहळू खाली जाताना दिसायची, आणि अख्ख्या बसमध्ये सगळे कानात गाणी घालून डोळे मिटून बसलेले. "मी एकटीच जागी असायची काका, आणि खोकायची. मुद्दाम मोठ्यानं खोकायची," असं तिनं मला सांगितलं होतं. मला ते फार आवडलं. पण जागल्याला डोळे नीट दिसायला तो समोरच्या काचेवरच लागतो, खाली लावला तर स्टिअरिंग आड येतं, आणि समोरच्या काचेवर वायपर फिरतो तेवढ्या भागात व्यवसायाच्या गाडीला काहीही लावायचं नाही, असा नियम. चांगला नियम. मी स्वतः त्या नियमावर किती अर्ज मारले असतील त्याची गणती नाही. तरी त्याच काचेवर लिंबू-मिरची, झेंडूचे हार, जेजुरी, तुळजापूर आणि मालकाच्या नातवाचं नाव सुखानं नांदत असतं. देवाला सूट लागत नाही. पूर्णिमाच्या कंपनीला लागणार होती. खात्यानं बारा बसवर नव्वद दिवस चाचणीची तात्पुरती परवानगी दिली होती, आणि परवा समितीपुढे सुनावणी होती. सूट मिळाली तर हिंजवडीला माणसं नेणाऱ्या साऱ्या बसगाड्यांवर जागल्या लागणार होता. नाही मिळाली तर गाळा बंद करून पूर्णिमा पुन्हा कुठल्यातरी काचेच्या इमारतीत खुर्ची शोधणार होती.

आणि खरं सांगतो, तो अर्ज लिहिताना मला झालेला आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. (हे कौशल्येला माहीत आहे.) एकतीस वर्षं मी टेबलाच्या एका बाजूला बसून भोकं शोधली होती, आता दुसऱ्या बाजूला बसून ती बुजवायची होती. सकाळी फिरायला गेलो की मनात माझाच जुना मी समोर उभा राहायचा आणि शेरा मारायचा, 'ड्रायव्हरची दृष्टी अडते, सबब...' मी त्याला तिथंच गाठायचो. नाही अडत, हे माप बघा. तो म्हणायचा, 'ऊन पडल्यास काय?' मी म्हणायचो, हा भर दुपारच्या उन्हातला अहवाल. उद्यानाला तीन फेऱ्या होईपर्यंत मी त्याला चारी मुंड्या चीत केलेलं असायचं. पाय दुखायचे नाहीत. पेपर वाचायची आठवण व्हायची नाही. बावीस पानांचा अर्ज झाला आणि त्यात सुई शिरेल एवढी फट मी ठेवली नव्हती. अशा वेळी हा दसरा समोर आला.

"वेळा बघू," मी म्हणालो. पूर्णिमाच्या पोरांनी रंगीत खांबांचं चित्र काढलं होतं, त्यात सव्वीसचा खांब नुसता उंचच उंच दिसत होता. मी यादी मागितली, आम्ही यादीची माणसं. सहा वाजून दहा. सहा पंचवीस. सहा चाळीस. सहा पंचावन्न. बस उभी असेल तेव्हा काही नाही, सुरू झाली की पुन्हा दर पंधरा मिनिटांनी. माणसाची डुलकी इतकी वक्तशीर नसते. मीच एकदा पूर्णिमाला विचारलं होतं, डोळे दिसलेच नाहीत तर तुझा जागल्या काय करतो? ती म्हणाली होती, त्याला उघडे डोळे दिसले पाहिजेत बस्स. का दिसत नाहीत ते त्याला कळत नाही. दहा सेकंद वाट बघतो, मग मिनिटभर ओरडत राहतो, थांबतो, पंधरा मिनिटांनी पुन्हा ओरडतो. म्हणजे दसऱ्याच्या दिवशी सातव्या बसमधला जागल्या दिवसभर आंधळा होता. आणि त्याला आंधळा कुणी केलं, तर मी.

अमेरिकेत दसरा नसतो, त्यामुळे हिंजवडीच्या बस दसऱ्यालाही सुटतात. त्या पहाटे मांजरी गावच्या वळणावर बसमालकाच्या आवारात बारा बस धुऊन उभ्या होत्या, झेंडूचा वास इतका दाट की घशात उतरावा. सातव्या बसचा संपत म्हणाला होता, "सायेब, तुमीच करा पूजा. भटजी दहाशिवाय येत न्हाई, अन् आमची पयली फेरी सहाची हाय." आयुष्यभर ज्यांच्या गाड्यांचे कागद मी परत पाठवले, त्या लोकांनी मला पुढे बोलावून तबक हातात दिलं. मला फार बरं वाटलं, खोटं का बोलू. मी एकेका बसला नारळ फोडला, स्टिअरिंगला गंध, गिअरला गंध, आणि मग वाटलं, आपला जागल्याही राबतोय बिचारा, त्यालाही लावावं. अकरा बसमध्ये वरच्या कडेला लावलं. सातवी शेवटची. धुपानं डोळे चुरचुरले म्हणून चष्मा काढून खिशात ठेवला होता. मला एक लहानसा काळा चेहरा दिसला आणि त्याच्या मधोमध चकाकणारी गोल जागा. कपाळ समजून मी तिथं बोट टेकलं. ओल्या कुंकवाचा चांगला ठसठशीत टिळा. वर दोन अक्षतासुद्धा चिकटवल्या.

"काका, हा दिवस काढून टाकू का?" पूर्णिमा विचारत होती. "त्या दिवशी बस बंद होती म्हणून लिहू. नाहीतर काय सांगणार? एकतर आपलं मशीन खोटं बोललं, नाहीतर संपतदादा झोपले. दादांचं नाव आलं तर मालक उद्या त्यांना घरी बसवेल." तिचे डोळे लाल होते, दोन रात्री ती झोपली नव्हती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते घशापर्यंत आलंही. पण बावीस पानं डोळ्यांसमोर आली, साठीचा माणूस टिळा लावताना चुकला म्हणून त्या पोरापोरींचं हसणं कानात आलं, समितीतली तोंडं आली, आणि मी म्हणालो, "काढून टाक." इतक्या सहज म्हणालो की मलाच दचकायला झालं. कारण हा आवाज माझ्या ओळखीचा होता. यापूर्वी एकदाच मी तो स्वतःच्या तोंडून ऐकला होता.

सोळा वर्षांपूर्वी हिंजवडीत पहिल्या काचेच्या इमारती उठत होत्या आणि सगळ्यांना घाई होती. एका बसवाल्याला मागच्या आपत्कालीन दाराच्या आड दोन सीटं टाकायची सूट हवी होती. वरून निरोप आला, उद्योग आपल्या गावात येतायत, दाबके, उगाच खुसपट काढू नका. पैसे वगैरे काही नाही, कुणी देऊ केले असते तर मी दाराबाहेर काढलं असतं. नुसतं सगळ्यांचं एकमत होतं, आणि एकमतापुढे माझी नजर खाली गेली. मी लिहिलं, 'हरकत नसावी.' तीन वर्षांनी ती बस वाकडजवळ कुशीवर पडली. कुणी मेलं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र पाऊण तास आत अडकून होती, कारण दार उघडायला सीटं तोडावी लागली. पेपरात पाच ओळी आल्या. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर मी जो नकार देत सुटलो तो निवृत्तीपर्यंत, आणि लोक त्याला माझा कडकपणा म्हणत राहिले. तो पाऊण तास मी कितीदा मोजलाय. उद्यानाच्या सहा फेऱ्या होतात पाऊण तासात.

सुनावणीच्या दिवशी सकाळी संपत आम्हाला सातव्या बसनंच घेऊन निघाला. पूर्णिमा मागे फायली मांडीवर घेऊन बसली होती, मी पुढे, संपतच्या शेजारी. काचेवर जागल्या होता, स्वच्छ. मी आवाज खाली आणून विचारलं, "संपतराव, दसऱ्याला काय झालं होतं हो मशीनला?" तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "काय न्हाई सायेब. चालू हाय की मशीन." मी म्हणालो, "टिळा माझा होता." तेव्हा तो हसला. "ठाव हाय. निस्ता कोकलत हुता दिसभर. आतली पोरं कानातलं काढून शिव्या घालायची. पर पुसायचं कसं? पूजेचं कुंकू हाय. सांच्याला आपसूक वाळून पडलं, मग गप झाला." सव्वीस वेळा त्याच्या कानाशी ते यंत्र किंचाळलं, आणि या माणसानं कुंकू पुसलं नाही की माझं नाव सांगितलं नाही. "अन् मालकानं तुम्हाला काढलं असतं म्हणजे?" मी विचारलं. त्यानं गिअर बदलला आणि म्हणाला, "सायेब, ते एकतीस हायेत ना खरे, त्यातला एक माजा हाय. भूमकर चौकाच्या अलीकडं. मागं चाळीस माणसं. हा वरडला न्हाई तर मी आज हितं न्हाई. ह्याला सूट मिळू द्या. माजं बघू मंग." रहदारी पुढे सरकली. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात दसऱ्याच्या वेळांची यादी होती. का ठेवली होती ते मला घरून निघताना माहीत नव्हतं. आता माहीत होतं.

माझ्या जुन्या कचेरीचा तिसरा मजला. तोच जिना, तोच कठडा. समितीत तिघं होते, मधल्या खुर्चीत रंगनाथ घोलप. नवीन लागला तेव्हा माझ्याच शेजारच्या टेबलावर बसायचा, अर्जातलं भोक कसं शोधायचं ते मीच त्याला शिकवलेलं. त्यानं मला पाहून भुवया वर केल्या. "अहो दाबके, तुम्ही? आणि सूट मागायला?" बाकीचे दोघं हसले. मी नमस्कार केला. पूर्णिमा छान बोलली, घाईत पण छान. घोलप पानं उलटत होता आणि त्याला कुठं भोक सापडत नव्हतं हे मला त्याच्या अंगठ्यावरून कळत होतं. मला आतून गुदगुल्या होत होत्या. मग त्यानं अर्ज मिटला आणि म्हणाला, "ठीक आहे. एकच सांगा. काचेवर धूळ बसली, ड्रायव्हरनं मुद्दाम रुमाल टाकला, कायपण. याचा डोळा झाकला गेला, तर हे गप्प बसेल ना? आणि ड्रायव्हर निर्धास्त, की मशीन बघतंय."

हेच. हेच एक भोक होतं आणि ते त्यानं शोधलं, पठ्ठ्यानं. पूर्णिमा म्हणाली, "नाही सर, ते ओरडतं. आम्ही ऑफिसात तपासलंय."

"ऑफिसात नको. रस्त्यावर, खऱ्या बसमध्ये, दिवसभर. असा पुरावा आहे?"

पूर्णिमानं खाली पाहिलं. मी उठलो. खुर्ची जोरात मागे सरकली. "आहे," मी म्हणालो आणि खिशातला कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. "दसरा. बस नंबर सात. सव्वीस वेळा. हा दिवस आम्ही अहवालातून काढला. काढायला मी सांगितलं, या मुलीनं नाही. ड्रायव्हर जागा होता. यंत्रही ठीक होतं. त्याच्या डोळ्यावर पूजेचं कुंकू होतं, आणि ते मी लावलं होतं, चष्मा नव्हता म्हणून." पूर्णिमा माझ्याकडे बघतच राहिली. घोलपच्या शेजारचा म्हणाला, "म्हणजे अहवाल खोटा." मी म्हणालो, "हो. तेवढ्यापुरता खोटा. आता खरा केला. वेळा वाचा. दर पंधरा मिनिटांनी. त्याला दिसत नव्हतं आणि तो दिवसभर सांगत होता की मला दिसत नाही. घोलपसाहेब, या खात्यात एकतीस वर्षांत इतकं प्रामाणिक कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. मी स्वतःसुद्धा नव्हतो. वाकडच्या बसची फाइल काढून बघा, सही माझी आहे."

घोलपनं यादीवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, मी शिकवलं होतं तसं. मग टेबलावर नमुन्याचा जागल्या सुरू करून ठेवला होता तो त्यानं आपल्या चेहऱ्यासमोर सरकवला आणि म्हणाला, "दाखवा."

मी वाकलो आणि उजव्या हाताचं तेच बोट त्या काळ्या काचेवर ठेवलं. काही झालं नाही. एक. काच गार होती, दसऱ्यासारखीच. दोन, तीन. शेजारचा अधिकारी घड्याळ बघू लागला. चार. वाकडच्या बसमध्ये ती मुलगी काय बघत असेल पाऊण तास, सीटची पाठ? पाच, सहा. ओरडली असेल. नक्की ओरडली असेल, पेपरात फक्त ते आलं नाही. सात. पूर्णिमाचे ओठ हलत होते, तीही मोजत होती. आठ. ओरड की रे. नऊ.

आणि जागल्या ओरडला. काय ओरडला! त्या तिसऱ्या मजल्यावर इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. चहावाल्याच्या हातातल्या कपबश्या खुळखुळल्या, शेजारच्या खोलीतले कारकून दारात येऊन उभे राहिले, एक जण म्हणाला आग लागली का हो. घोलपनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तो हसायला लागला. पूर्णिमा रडत होती की हसत होती मला नीट कळेना, बहुतेक दोन्ही. खिडकीतून खाली आवारात संपत बसमधून उतरून वर बघत होता, त्यानं आवाज ओळखला होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हवेत हलवली. घोलप लेखनिकाच्या कानाशी ओरडून सांगू लागला, "लिहा! सूट देण्यात येत आहे! अट एक, दसऱ्याचा दिवस अहवालात जोडावा! अट दोन, उपकरणाच्या काचेस हळदकुंकू लावू नये!" लेखनिक म्हणाला, "काय लावू नये?" "हळदकुंकू! हळदकुंकू!" मग माझ्याकडे वळून तो ओरडला, "दाबके, कळलं! अहो कळलं आम्हाला, काढा आता ते बोट!"

मी मान डोलावली. माझ्या अंगभर ते ओरडणं भरून राहिलं होतं, पार पायांपर्यंत, आणि मी सोळा वर्षांत पहिल्यांदा इतका सरळ उभा होतो. मी बोट काढलं नाही.